मतपत्रिका एक, निकष एक
(मुक्ताईनगर येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



आपले मुक्ताईनगर एदलाबाद म्हणून ओळखले जात होते, तेव्हा १९६७ ते १९८५ या काळात श्रीमती प्रतिभाताई पाटील यांनी विधानसभेत या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले. २००७ साली त्या राष्ट्रपतिपदाच्या उमेदवार झाल्या. त्यांचे प्रतिस्पर्धी भैरोंसिंह शेखावत राजस्थानचे, आणि तेथे भाजपचे शासन होते. त्या शासनाने प्रतिभाताईंचे नाव मतपत्रिकेवरून वगळले असते तर? आणि महाराष्ट्राने शेखावतांचे?

प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना बंडखोरीच्या कलमाखाली अपात्र ठरविले. ४ मार्च २०२४ रोजी तेथील संघीय सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय एकमताने रद्द केला. राष्ट्रीय पदासाठी हे कलम लागू करण्याचा अधिकार एकेका राज्याला नाही, असे त्याने सांगितले.

आपल्या घटनाकारांनी हा घोळ मुळातच टाळला. राष्ट्रपतीची पात्रता कलम ५८ ठरविते. अर्जांची छाननी दिल्लीत होते. वाद उद्भवल्यास कलम ७१ नुसार निर्णय केवळ सर्वोच्च न्यायालय देते. राज्यांना स्थान आहे, ते मतदानात. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. महाराष्ट्रात ते १७५ आहे. मत देण्याचा अधिकार आहे, नाव खोडण्याचा नाही.

या व्यवस्थेची कसोटीही लागली आहे. १९५७ साली नागपूरचे डॉ. ना. भा. खरे सर्वोच्च न्यायालयात गेले. हिमाचल प्रदेश व पंजाबातील काही जागांच्या निवडणुका बाकी असल्याने राष्ट्रपतीची निवडणूक पुढे ढकलावी, ही त्यांची मागणी होती. आक्षेप निवडणूक पूर्ण झाल्यावरच ऐकता येतील, असे न्यायालयाने ठरविले. १९७४ मध्ये गुजरात विधानसभा विसर्जित होती. तरीही निवडणूक वेळेत व्हावी, असाच सल्ला न्यायालयाने दिला. एका राज्याच्या परिस्थितीमुळे राष्ट्राचे सर्वोच्च पद अडून राहू नये, हे त्यामागील सूत्र.

नावडता उमेदवार रिंगणातूनच बाहेर काढण्याचा मोह प्रत्येक पक्षाला होतो, आपल्या विचारांच्या माणसांनाही होऊ शकतो. परंतु आज आपण वापरलेले शस्त्र उद्या दुसऱ्या राज्यात आपल्यावरच उगारले जाईल. अपात्रतेचा निकष सर्वांना एक असावा आणि तो लावणारे न्यायासनही एक असावे. पात्र उमेदवाराचा पराभव करायचा, तो मतांनीच.