पातळ दिसणारे रक्त आणि शरीरातल्या गुठळ्या
(निशातगंज येथील गणेशोत्सवात दिलेले व्याख्यान)



गणपतीच्या मांडवात रक्ताच्या गुठळ्यांवर बोलायचे म्हणजे आरतीनंतर प्रसादाऐवजी काढा वाटण्यासारखे आहे. पण एक व्याख्यान तब्येतीवर हवे असा चिटणीसांचा आग्रह होता, आणि हा विषय मी मुद्दाम निवडला. आपण गावापासून दूर राहणारी माणसे. कुणी गलाईच्या कामासाठी विटा-आटपाडीकडून आलेले, कुणी रेल्वेत किंवा बँकेत बदलीवर आलेले. घरात तरुण जोडपे, जवळ आई नाही, आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दिवस जाऊन गर्भ टिकला नाही की दोष कुणाचा हे आधीच ठरलेले असते. सुनेचा! तिचे जेवण, तिचे जिने चढणे, तिची नोकरी, शेवटी तिचे नशीब. यातल्या काही जणींचा दोष त्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचा असतो, आणि त्यावर उपचार आहेत.

प्रतिपिंडे म्हणजे रोगजंतूंशी लढणारे शरीराचे शिपाई. कधी कधी ते घरच्याच माणसांवर उलटतात. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ असतात. त्यांच्यावर चिकटून बसणारे 'बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१' नावाचे एक प्रथिन रक्तात असते. या आजारातली प्रतिपिंडे बहुधा त्या प्रथिनालाच पकडतात, हे १९९० साली उघड झाले. तोवर सगळे फॉस्फोलिपिडालाच दोष देत होते. नाव मात्र जुनेच राहिले: अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम.

आता गंमत पाहा. अशा रुग्णाचे रक्त प्रयोगशाळेत एपीटीटी या चाचणीसाठी नळीत घेतले, तर ते पुष्कळदा उशिरा गोठते. अहवाल वाचणाऱ्याला वाटते, रक्त पातळ आहे, रक्तस्रावाची भीती आहे. प्रत्यक्षात भीती नेमकी उलटी असते. मोदकांच्या दिवशी स्वयंपाकघरात काय होते ते आठवा. ओटा मोकळा असेल तर चार जणी भराभर मोदक वळतात. ओट्यावर पाहुण्यांचे सामान पसरले की काम अडते. नळीत रक्त गोठवणाऱ्या घटकांना काम करायला फॉस्फोलिपिडाचा थोडासाच ओटा दिलेला असतो. तो ही प्रतिपिंडे अडवतात, म्हणून वेळ लागतो. शरीरात ओट्याला तोटा नाही. तिथे हीच प्रतिपिंडे रक्तवाहिनीच्या अस्तराला चेतवतात, रक्तबिंबिका चिकट होतात, गोठण्याची साखळी सुरू करणारा 'टिश्यू फॅक्टर' तयार होतो, आणि पोटरीत, फुप्फुसात किंवा मेंदूत गुठळी होते. पस्तिशी-चाळिशीत कारण न सापडता पक्षाघात झाला तर डॉक्टर ही प्रतिपिंडे शोधतात ते यासाठी. वारेत तर नुसती गुठळीच होते असे नाही. तिथे दाह होतो आणि वार नीट रुजत नाही.

या घटकाला १९७२ साली 'ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट' म्हणजे गोठण्यास विरोध करणारा असे नाव दिले गेले. यापेक्षा चुकीचे नाव वैद्यकात क्वचितच असेल. असलेल्या बहुतेकांना ल्युपस नसतो, आणि तो शरीरात गोठणे थांबवतही नाही. गुठळ्या, गर्भपात आणि ही प्रतिपिंडे यांची सांगड लंडनच्या डॉ. ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ साली घातली.

दुसरा फसवा अहवाल याहून क्रूर. गरोदर बाईची व्हीडीआरएल तपासणी करतात, ती गरमी म्हणजे उपदंशासाठी. तिच्यात कार्डिओलिपिन वापरतात. हेही एक फॉस्फोलिपिड. मेरी पँगबॉर्न या अमेरिकन संशोधिकेने १९४१ साली ते बैलाच्या हृदयातून वेगळे केले. ही प्रतिपिंडे त्यालाही चिकटतात आणि गरमी नसताना चाचणी 'पॉझिटिव्ह' येते. त्या एका कागदावरून घरात काय काय बोलले जाते ते मी या मांडवात सांगत नाही. एवढेच सांगतो की टीपीएचएसारखी दुसरी चाचणी केल्याशिवाय त्या कागदावर विश्वास ठेवू नका.

आपल्याकडचे काम सांगायचे तर परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. ज्या परिसरात १९५२ साली भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी 'बॉम्बे' रक्तगट शोधला, तोच हा परिसर. कारण न सापडलेल्या गर्भपातांचा अभ्यास तिथल्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केला, त्यातही कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडे ठळकपणे पुढे आली.

उपचाराचा आकडा लक्षात ठेवा. लंडनमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा ९० स्त्रिया होत्या. नुसती कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या ४५ पैकी १९ जणींना जिवंत मूल झाले. जोडीला हेपॅरिनची इंजेक्शने घेणाऱ्या ४५ पैकी ३२ जणींना. मात्र हे औषध शेजारणीच्या सांगण्यावरून घ्यायचे नाही.

तपासणी एकदा करून भागत नाही. एखाद्या संसर्गानंतर ही प्रतिपिंडे काही काळ दिसून नाहीशी होतात, म्हणून निदान बारा आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते. आणि ती सापडली म्हणजे गुठळी होणारच असेही नाही. धूम्रपान, इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या, मोठी शस्त्रक्रिया, दीर्घ अंथरूण यांनी धोका वाढतो. लखनऊत यासाठी फिरावे लागत नाही. रायबरेली रोडच्या पीजीआयमध्ये क्लिनिकल इम्युनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे, आणि बाळंतपणासाठी चौकाजवळ मेडिकल कॉलेजचे क्वीन मेरी.

व्याख्यानानंतर एका भगिनीने विचारले, गुठळी होऊन गेलेल्याने वॉर्फरिन चालू असताना पालेभाज्या सोडायच्या का? सोडायच्या नाहीत. इथल्या थंडीत बथुआ, पालक, सोया-मेथी रोज ताटात येते आणि उन्हाळ्यात गायब होते. त्यातल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम वरखाली होतो. भाजीचे प्रमाण बारा महिने साधारण सारखे ठेवावे आणि आयएनआर तपासत राहावे. तो बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. तपासणीची कटकट नको म्हणून नव्या गोळ्या मागणाऱ्यांनी हे ऐकावे: तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांत रिव्हारोक्साबॅनची चाचणी इटलीत झाली, गुठळ्या जास्त झाल्याने ती मध्येच थांबवावी लागली आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आणि वॉर्फरिन घेणाऱ्या स्त्रीला दिवस राहिल्याची शंका आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. गरोदरपणात ते बाळाला बाधते. त्याऐवजी हेपॅरिन देतात.