बर्फाची तयारी गच्चीवर

  मी पायदळातून निवृत्त झालो, आता महूला राहतो. इथल्या मराठी मंडळाची सोळा ते एकवीस वयाची वीसेक मुलं-मुली डिसेंबरच्या शेवटी उत्तराखंडात केदारकंठाला जातात, बर्फात तंबू ठोकून राहतात. त्यांची तयारी माझ्याकडे असते. तुमच्यापैकी ज्यांना आपल्या मंडळाची, कॉलेजची, सोसायटीची मुलं अशी न्यायची आहेत, त्यांच्यासाठी आज बोलतोय. मुलंही ऐकत असतील तर उत्तम, पण हे मुख्यतः नेणाऱ्यांसाठी.

आधी जागा समजून घ्या. डेहराडूनहून साधारण २०० किलोमीटरवर सांकरी हे गाव. मसुरी, पुरोला, मोरी अशा वाटेने दिवसभराचा घाटाचा प्रवास, त्यात अर्धी बस ओकते. सांकरी सुमारे ६,४०० फुटांवर आहे. तिथून देवदारांतून चढून जूडा का तालाब, सुमारे ९,१०० फूट. मग साधारण ११,००० फुटांवर वरचा तळ आणि शेवटी शिखर, सुमारे १२,५०० फूट. कळसूबाई ५,४०० फूट आहे, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर सांकरीच्या बसथांब्याच्याही खाली राहतं. शिखरावर प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम दोन तृतीयांश. जानेवारीत रात्रीचं तापमान उणे पाच, उणे दहा, कधी त्याखाली.

आता गंमत अशी, की आपल्या मुलांना डोंगर नवा नसतो. सुट्टीत आजोळी गेलेली असतात, राजगड-तोरणा केलेला असतो. तिथली सवय काय? पावसात भिजायचं, घामाने निथळत माथ्यावर पोचायचं आणि वाऱ्याला तोंड करून बसायचं. सह्याद्रीत ते सुख आहे. बर्फात तीच सवय घात करते. ओल्या अंगावरून वारा गेला की अर्ध्या तासात माणूस कुडकुडायला लागतो, आणि कुडकुडणारा माणूस नीट विचार करत नाही. म्हणून मी मुलांना पहिल्या दिवशी एकच सांगतो : तुमचा शत्रू बर्फ नाही, तुमचा घाम आहे. चालायला सुरुवात करताना किंचित थंडी वाजली पाहिजे. सुरुवातीलाच उबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त आहे, काढा आणि सॅकमध्ये टाका.

सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा. सूत घाम पितं आणि सोडत नाही. अंगालगत लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, सगळ्यांत वर वारा अडवणारं जाकीट. महागड्या दुकानात जायची गरज नाही, बरंचसं सामान सांकरीत भाड्याने मिळतं. मात्र बूट भाड्याचे नकोत. ते स्वतःचे आणि महिनाभर वापरलेले हवेत. आणि एक जोड थर्मल, एक जोड लोकरीचे पायमोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचे. तो जोड झोपायचा. त्यात चालायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, मित्राला द्यायचा नाही. तळावर पोचल्यावर दहा मिनिटांत घामाचे कपडे उतरवून कोरडे चढवायचे, मग चहा. मुलं उलट करतात. आधी चहा, मग गप्पा, मग सूर्य देवदारांमागे गेला की दात वाजायला लागतात.

ही सवय तिथे जाऊन लागत नाही, म्हणून आमची तयारी गच्चीवर होते. नोव्हेंबरपासून आठ रविवार. जानापावच्या टेकडीवर पाठीवर सहा किलो घेऊन चढ-उतार, ते तर आहेच. बडोदेकरांना पावागड आहे, बंगळूरकरांना नंदी हिल्स. दमसास त्याने वाढतो, आणि तो लागतोच. पण मला जास्त मोलाची वाटते ती गच्चीवरची रात्र. दिवे बंद. जाड हातमोजे घालून तंबू उभा करा. हातमोजे न काढता बुटाची नाडी बांधा, बाटलीचं झाकण उघडा, सॅकच्या तळातून टॉर्च काढा. ज्याची टॉर्च तळाशी आहे त्याला टॉर्च कुठे ठेवायची ते त्याच रात्री कळतं. बर्फाच्या पाण्याच्या बादलीत दोन मिनिटं हात घालून मग जाकिटाची चेन लावायला सांगतो. पोरं हसतात. बोटं ऐकेनाशी झाली की हसणं थांबतं.

आणि रात्र किती मोठी असते ते कुणी सांगत नाही. तिथे साडेपाचला अंधार, सकाळी साडेसहाला उजेड. तेरा तास तंबूत काढायचे. फोनची बॅटरी थंडीने झटक्यात बसते, ती स्लीपिंग बॅगेत जवळ घेऊन झोपायची. मग करायचं काय? आमच्याकडे गाण्याच्या भेंड्या चालतात. कंटाळलेली मुलं ऊब मिळवायला भलते उद्योग करतात, आणि त्यातला सर्वांत वाईट उद्योग म्हणजे तंबूत किंवा बंद खोलीत शेगडी पेटवणं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठत नाही. तंबूत स्टोव्ह नाही, खोलीत निखाऱ्यांची शेगडी नाही, याला अपवाद नाही. त्याऐवजी बाटलीत गरम पाणी भरा, झाकण घट्ट लावा, पायमोज्यात घालून पायांशी ठेवा. पहाटे तेच पाणी प्यायला. बाहेर बाटली ठेवायचीच असेल तर उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो, मग झाकणाकडचं पाणी सुटं राहतं.

खाण्याचं फार सांगत नाही. भूक मरते, तरी खायचं. शेंगदाण्याचे लाडू न्या, तिळाची कडक चिक्की नको, थंडीत दगड होते. मेतकूट-भात आणि तूप, हे उंचीवर जितकं गळ्याखाली उतरतं तितकं दुसरं काही उतरलेलं मी पाहिलं नाही.

पाण्याबद्दल मात्र एक अवघड गोष्ट आहे आणि ती पालकांच्या सभेत मी सरळ बोलतो. मुली पाणी पीत नाहीत. रात्री बर्फात बाहेर जायला नको म्हणून दुपारपासूनच घोटभर पाण्यावर राहतात. मग डोकं दुखतं, आणि ते कोरडेपणाने की उंचीने, कळेनासं होतं. म्हणून आमच्या दोन मोठ्या मुली, ज्या आधी जाऊन आल्यात, त्या नव्या मुलींबरोबर वेगळी बैठक घेतात. रात्री बाहेर जायला जोडीदारीण उठवायची, ती कुरकुर करणार नाही, पाळी आली तर काय करायचं, सगळं. मी त्या बैठकीत नसतो. पण ती झाल्याशिवाय कुठल्या मुलीची बॅग मी तपासत नाही.

आता उंची. फौजेत ९,००० फुटांच्या वर जायचं तर आधी १२,००० फुटांपर्यंतच्या टप्प्यात सहा दिवस, मग १५,००० पर्यंत चार, त्यावर आणखी चार दिवस शरीराला सवय करायला देतात. १९६२च्या युद्धाच्या काळात जवानांना घाईने वर न्यावं लागलं, आणि आपल्या लष्करी डॉक्टरांनी १,९२५ जवानांच्या आजारपणाचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. जगभर तो आजही वाचला जातो. सियाचीनवर १९८४पासून शत्रूच्या गोळीपेक्षा हवामानाने आणि त्या भूभागाने जास्त जवान नेले. आणि आपल्या सहली? सांकरीतून निघून चौथ्या दिवशी शिखर गाठून परत. बहुतेकांना जमतं, म्हणून सगळ्यांना जमेल असं धरतात. आम्ही जूडा का तालाबला दोन रात्री राहतो. एक दिवस वाढतो, पैसे वाढतात, दरवर्षी सभेत यावर वाद होतो, दरवर्षी मी ऐकत नाही. डायमॉक्सची गोळी इंटरनेटवर वाचून स्वतःच्या मनाने घेऊ नये, डॉक्टरांना विचारूनच.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, जेवण नको, झोप नाही, ही सुरुवातीची लक्षणं. बसल्या जागी दम लागणं, खोकला, तोल जाणं, असंबद्ध बोलणं म्हणजे लगेच खाली, रात्र असली तरी. पण लक्षणं पाठ करून भागत नाही. अठरा वर्षांचा मुलगा स्वतःहून सांगत नाही, खरी अडचण ही आहे. "काय रे, बरा आहेस ना?" विचारलं तर उत्तर ठरलेलं : "एकदम मस्त, काका." म्हणून मी तो प्रश्न विचारतच नाही. फौजेत बडी असतो, तशा जोड्या लावतो. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाने स्वतःबद्दल नव्हे, जोडीदाराबद्दल सांगायचं. तो किती जेवला? लघवीचा रंग काय? पायमोजे कोरडे आहेत का? बोटं पाहिलीस का? काल झोपला का? बोटं पांढरी, बधिर दिसली तर चोळायची नाहीत, बर्फ तर मुळीच लावायचा नाही, काखेत धरायची आणि आम्हाला हाक मारायची.

याला जोडून एक नियम आहे, आणि तो मंडळात बऱ्याच जणांना निष्ठुर वाटतो. जोडी एकत्र वर जाते, एकत्र खाली येते. एकाला उतरावं लागलं तर दुसराही उतरतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटात एक मुलगा होता, धावण्यात सगळ्यांच्या पुढे. त्याचा जोडीदार सतरा वर्षांचा, हाडकुळा, फारसा न बोलणारा. जूडा का तालाबच्या पहिल्या संध्याकाळी हा हाडकुळा माझ्या तंबूशी आला. म्हणाला, "काका, त्याने जेवण झाडामागे ओकून टाकलं. डोकं दुपारपासून दुखतंय. मला सांगू नकोस म्हणालाय." नियम त्याला ठाऊक होता. हे सांगितलं तर आपलंही शिखर गेलं, हे माहीत असून तो आला होता.

मी त्या दुसऱ्याला बर्फावरच्या रेषेवर टाचेला पाऊल लावून चालायला सांगितलं. तो नीट चालला, म्हणून रात्र तिथेच काढली, दर दोन तासांनी उठवून पाहिलं. सकाळी डोकं तसंच. स्थानिक गाइड आणि आमच्यातले एक मोठे गृहस्थ यांच्याबरोबर दोघांना खाली धाडलं. जाताना धावपटू जोडीदाराशी एक शब्द बोलला नाही. संध्याकाळपर्यंत सांकरीत डोकेदुखी गेली आणि त्याने चार पराठे खाल्ले. मग त्याच्या वडिलांचा फोन आला. एवढ्याशा डोकेदुखीसाठी मुलाला लाजवलंत, दुसऱ्याच्या मुलाचंही नुकसान केलंत, पैसे भरले होते आम्ही. मी ऐकून घेतलं. एवढीशी होती म्हणूनच तो चालत उतरला, हे मी सांगितलं. ते त्यांना पटलं नाही. अजूनही लग्नकार्यात भेटतात, नमस्कार होतो, तेवढंच.

मंडळात त्यानंतर ठराव आला, की निदान जोडीदाराला दुसऱ्या कुणाबरोबर वर जाऊ द्यावं. ऐकायला रास्त आहे. पण तसं केलं तर आजारी मुलाजवळ अनोळखी माणूस राहतो, आणि वर तीन जणांची जोडी होते, ज्यात कुणीच कुणाकडे पाहत नाही. ठराव नामंजूर झाला, दोन मतांनी. तो हाडकुळा मुलगा पुढच्या वर्षी परत आला, शिखरावर जाऊन आला. धावपटू आला नाही.

यंदाची गच्चीवरची पहिली रात्र येत्या रविवारी आहे. संध्याकाळी सातला, पाण्याच्या टाकीजवळ. हातमोजे आणा, टॉर्च आणा, जेवून या. जोड्या मी तिथेच लावणार आहे, आणि जिवलग मित्रांना एकत्र ठेवणार नाही, ते एकमेकांचं झाकून नेतात.