पऱ्हाटीच्या वावरात गोल्फ
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



गोल्फ हा खेळ इथे बसलेल्यांपैकी कुणी खेळला असेल असे वाटत नाही. काठीने एक लहान चेंडू टोलवत न्यायचा आणि दूरच्या बिळात घालायचा. अशी अठरा बिळे. त्यासाठी शंभर-दीडशे एकर हिरवळ लागते. खेळाबद्दल माझी तक्रार नाही. ज्याच्याजवळ पैसा आणि वेळ आहे त्याने खुशाल खेळावे. मी हा विषय काढला तो कापसासाठी. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या पश्चिमेला, गोल्फभोवती वसवलेली जी गावे आहेत, त्यांतल्या नामांकित गावांची जमीन एके काळी कापसाची होती.

हा मुलूख वाळवंटी. वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरसुद्धा नाही. यवतमाळ-वर्ध्याला आपण कोरडवाहू म्हणतो, तिथे याच्या चौपट पडतो. पण तिथल्या पऱ्हाटीला कालव्याचे आणि विहिरीचे पाणी मिळून आपल्या पावसापेक्षा जास्त मिळते, म्हणून एकरी पाच क्विंटलच्या घरात नुसती रुई निघते. वाण, खत, मशागत यांची व्याख्याने आपण पुष्कळ ऐकली. पाण्याचा हा हिशेब मात्र व्याख्याते सांगत नाहीत.

पहिल्या महायुद्धात टायरच्या कापडासाठी लागणारा लांब धाग्याचा इजिप्तचा कापूस मिळेना, तेव्हा १९१७ पासून गुडइयर कंपनीने इथे हजारो एकर वाळवंट फोडून कापूस लावला. वेचणीला मेक्सिकोहून माणसे आणली. १९२० मध्ये कापसाचे भाव कोसळले आणि हजारो वेचणारे पगाराविना, परतीच्या भाड्याविना तिथेच अडकून पडले. कंपनीने आपल्या साहेबांसाठी १९१८ मध्ये विश्रामगृह बांधले होते. १९२९ मध्ये त्याचे 'विगवाम' नावाचे हॉटेल झाले. पुढे गोल्फचे मैदान आले. आज तिथे ५४ बिळांची तीन मैदाने आहेत. विश्रामगृहाचे हॉटेल झाले. वेचणाऱ्यांचे काय झाले ते हॉटेलच्या माहितीपत्रकात कशाला सापडेल?

जवळच मॅरिनेट म्हणून कापसाचा मळा होता. तो जे. जी. बॉसवेल या बड्या कापूस कंपनीकडे होता. १ जानेवारी १९६० ला तिथे 'सन सिटी' उघडली. निवृत्त माणसांचे गाव, मुलांना राहायला बंदी, मध्ये गोल्फ, भोवती घरे. पहिल्या तीन दिवसांत लाखभर लोक बघायला आले आणि २३७ घरे विकली गेली. आज वस्ती ४० हजारांच्या आसपास आहे आणि म्हातारी मंडळी गोल्फच्या छोट्या गाडीतूनच बाजाराला जातात. आता मुद्दा ऐका. बॉसवेलने जमीन विकून पैसे घेतले आणि विषय संपवला असे झाले नाही. बांधकामवाल्या डेल वेबबरोबर ही कंपनी भागीदार म्हणून बसली. एकराच्या भावावर ती थांबली नाही. घरांच्या नफ्यातही तिचा वाटा राहिला. आपल्याकडे रिसॉर्टवाला गावात येतो तेव्हा एकराचा भाव बोलतो. वाट्याचे तो बोलत नाही, आणि आपणही विचारत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. १९८० मध्ये ॲरिझोनाने भूजलाचा कायदा केला. फिनिक्ससारख्या भागात १९७५ ते १९८० या काळात जी जमीन भिजत होती तिलाच शेतीच्या पाण्याचा हक्क; नवे वावर ओलिताखाली आणायचे नाही. शेती कायमची मोडली तर तो हक्क दुसऱ्या वापरासाठी बदलून मिळतो, पण एकरी वर्षाला ३ एकर-फुटांपेक्षा जास्त नाही. म्हणजे तिथे पाण्याचाही सातबारा आहे. वावर विकणारा काय विकतो ते कागदावर दिसते.

गोल्फने सगळे पाणी प्याले असे मात्र कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. अठरा बिळांचे एक मैदान तिथे वर्षाला ५० कोटी लिटरच्या आसपास पाणी घेते, ही गोष्ट खरी. पण राज्याच्या एकूण पाण्यात गोल्फचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास, शेतीचा ७० टक्क्यांच्या वर. एकराला एकर धरला तर हिरवळ आणि पऱ्हाटी यांच्या पाण्यात फार अंतर नाही. चेंडू टोलवणाऱ्याला शिव्या घालून आपले वावर भिजत नाही.

करमणुकीच्या जागांचेही असेच. सन सिटीच्या उत्तरेला लेक प्लेझंट आहे. आता ते बोटिंगचे ठिकाण. पण पहिले धरण १९२७ मध्ये बांधले गेले ते शेतीच्या ओलितासाठी. १९९४ मध्ये खालच्या अंगाला मोठे धरण पुरे झाले आणि जुने पाण्याखाली गेले. आता तिथे कोलोरॅडो नदीचे, कालव्यातून आलेले पाणी साठते.

त्याच कालव्यावर दक्षिणेकडच्या पिनाल जिल्ह्याचे कापूसवाले अवलंबून होते. कालव्याचे पाणी त्यांना महाग पडे, अंगावर कर्ज होते. २००४ च्या तडजोडीत कर्जातून सूट आणि २०३० पर्यंत स्वस्त पाणी मिळाले. बदल्यात त्यांनी पाण्याचा दीर्घ मुदतीचा हक्क सोडला आणि तुटवड्यात शेवटचा नंबर पत्करला. ऑगस्ट २०२१ मध्ये नदीवर तुटवडा जाहीर झाला. २०२२ ला पहिली कपात पिनालच्या शेतकऱ्यांवर आली, शहरांवर नाही. कित्येकांनी वावरे पडीत ठेवली, काहींनी जुन्या विहिरींचे पंप पुन्हा सुरू केले.