खिडकी आणि पडदा

मराठी माणूस कलकत्त्यास प्रथम जातो, तेव्हा एका अगदी घरगुती शब्दापाशी अडखळतो. त्याची ‘खिडकी’ तेथे खिडकी राहत नाही. बंगालीत खिडकी म्हणजे घराचे मागले दार. आणि मराठीत जिला खिडकी म्हणतात, तिला बंगाली गृहिणी ‘जानाला’ म्हणते. हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. ‘पडदा’ हा फारसी शब्द मात्र दोन्ही भाषांनी सारखाच स्वीकारला आहे, आणि दोन्हीकडे त्याचे अर्थही दोन आहेत. एक म्हणजे दाराखिडकीवरचे कापड. दुसरा म्हणजे स्त्रियांचा गोषा. खिडकी कशी सजवावी, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो खरा. पण त्यात हे दोन्ही अर्थ गुंतलेले आहेत.

कलकत्त्याच्या नैर्ऋत्य भागात, हुगळीच्या बाजूला, खिदिरपूर वसले आहे. 1892 मध्ये येथील गोदी सुरू झाली आणि या वस्तीला जहाजांचे व खलाशांचे वळण लागले. परंतु वस्ती त्याहून जुनी. भूकैलासच्या घोषालांचा वाडा येथलाच. कवी मायकेल मधुसूदन दत्त यांच्या वडिलांचे घरही येथेच होते. नदी जवळ, जमीन सखल, हवा वर्षातील बराच काळ दमट. अशा हवेत खिडकीवर एकच आवरण पुरत नाही, हे कलकत्त्याच्या जुन्या घरांनी फार पूर्वीच ओळखले होते.

त्या घरांतील खिडकीचे सर्वांत बाहेरचे आवरण लाकडाचे असे. चौकटीत आडव्या, अरुंद फळ्या बसवलेल्या, आणि त्या साऱ्या एका उभ्या दांडीने जोडलेल्या. दांडी ओढली की फळ्या उघडतात, ढकलली की मिटतात. बंगालीत हिला ‘खडखडी’ म्हणतात. तिचा आवाजच तिचे नाव सांगतो. फळ्या तिरप्या ठेवल्या की ऊन व पावसाची झड बाहेर राहते आणि वारा तेवढा आत येतो. तिच्या आत लोखंडी गज. व्हरांड्याच्या कमानीत बांबूच्या बारीक काड्यांचा चिक, दुपारी सोडायचा आणि संध्याकाळी गुंडाळायचा. आणि सर्वांत आत कापडाचा पडदा.

या क्रमात एक पक्के शास्त्र आहे. सूर्याची उष्णता काचेतून आत शिरल्यावर पडद्याने अडवली, तर पडदा स्वतः तापतो आणि ती उष्णता बहुतांशी खोलीतच राहते. तीच उष्णता खिडकीबाहेर अडवली, तर घर थंड राहते. म्हणून ऊन अडवण्याचे काम बाहेरच्या आवरणाचे, आणि उजेड सौम्य करण्याचे व नजर अडवण्याचे काम आतल्या कापडाचे. दिशेचाही विचार हवा. कलकत्ता कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. जूनच्या मध्यान्ही तेथे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही. येतो तो समुद्राकडचा वारा. डिसेंबरात सूर्य खाली उतरतो आणि त्याच खिडकीतून ऊब आत येते. पश्चिमेची खिडकी मात्र उन्हाळ्याच्या तिसऱ्या प्रहरी शत्रूसारखी वागते. तेव्हा दक्षिणेला झिरझिरीत कापड पुरे. पश्चिमेला खडखडी वा चिक हवाच.

एका प्रांताचा उपाय दुसऱ्या प्रांतास जसाच्या तसा लागू पडत नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा पाण्याने भिजवून दारात टांगला, की आत येणारा वारा सुगंधी आणि गार होतो. कारण कोरड्या हवेत पाण्याची वाफ झपाट्याने होते. खिदिरपूरच्या दमट हवेत तोच पडदा नुसता ओला राहील. गोव्याच्या जुन्या घरांत शिंपल्यांची तावदाने दिसतात. ती भर दुपारचा उजेड दुधासारखा गाळून आत सोडतात. प्रत्येक ठिकाणच्या माणसाने आपले हवामान ओळखून खिडकीला वस्त्रे चढवली.

परंतु ही वस्त्रे केवळ उन्हासाठी नव्हती. रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ या 1901 मधील कथेवर सत्यजित राय यांनी 1964 मध्ये ‘चारुलता’ हा चित्रपट काढला. त्याच्या आरंभीच संपन्न बंगाली घरातील एकाकी चारू हातात लहानशी दुर्बीण घेऊन एका खिडकीकडून दुसरीकडे जाते आणि खडखडीच्या फटींतून रस्त्यावरची माणसे न्याहाळते. तिला सारे दिसते. ती कोणाला दिसत नाही. उन्हाला अडवणारी फळी येथे माणसालाही अडवते. दांडी चारूच्या हाती आहे खरी, पण बाहेरचे जग तिच्यासाठी बोटभर फटीएवढेच उरले आहे. अशा कित्येक चारूंनी अशा खिडक्यांमागे आयुष्ये काढली. जुन्या घरांच्या सौंदर्याचे कौतुक करताना हे विसरणे बरे नव्हे.

आज कलकत्त्यात जुनी घरे पाडून तेथे काचेच्या खिडक्यांच्या सदनिका उभ्या राहत आहेत. गोषा गेला हे उत्तमच झाले. पण त्याबरोबर बाहेरची सावलीही गेली. बंद काचेमागे जाड, गडद पडदा लावायचा आणि तापलेली खोली यंत्राने थंड करायची, अशी रीत पडली आहे. त्या जाड पडद्यात पावसाळ्यात ओल धरते ती वेगळीच. याहून सोपा मार्ग उपलब्ध आहे. खिडकीबाहेर छज्जा किंवा चिक असावा. आत, दोन निराळ्या दांड्यांवर, काचेलगत फिका पातळ पडदा आणि त्यावर घट्ट विणीचा, धुता येईल असा सुती पडदा. दिवसा पातळ, रात्री दिवा लागला की दाट. कारण दिव्याच्या उजेडात पातळ कापडामागचे सारे बाहेर दिसते. रंग व नक्षी घरच्यांच्या आवडीने ठरवावी, पण आवरणांचा क्रम सूर्याला विचारून ठरवावा.

खिडकीवर पडदे किती असावेत, याला एकच एक उत्तर नाही. ते घरात राहणाऱ्या प्रत्येकाला आपल्या हाताने, आपल्या इच्छेने सारता यावेत, एवढे मात्र खरे. असे असले, म्हणजे पडद्याच्या दोन अर्थांपैकी पहिलाच अर्थ घरात उरतो.