वाट चुकलेल्या पोराचं मन आणि आपली जबाबदारी

(विहाराच्या वर्धापनदिनी मिरज येथे केलेले भाषण. बोलताना वेळेअभावी राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



आत्ताच दहावी-बारावीला चांगले गुण मिळवलेल्या आपल्या मुलामुलींचा सत्कार झाला. छाती भरून आली. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, ती पोरं शिकतायत. पण टाळ्या वाजवताना आमच्या मनात एक विचार आला, तो तुमच्यापुढं मांडतो. याच वस्तीतली, याच वयाची काही पोरं या मंडपात नाहीत. त्यांची नावं फक्त पोलीस चौकीत पुकारली जातात. त्यांच्याविषयी आज बोलायचं ठरवून आलोय. वर्धापनदिनाला हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण विहार ही नुसती पूजेची जागा नव्हे, असं आपण दरवर्षी म्हणतो. मग हा विषय इथं नाही मांडायचा तर कुठं मांडायचा?

अंगुलिमालाची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ती घेतली आहे. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा तो दरोडेखोर भगवंतांच्या मागं धावला आणि शेवटी भिक्खू झाला, इथपर्यंत आपण पोरांना सांगतो. पुढचं सांगत नाही. मज्झिम निकायातल्या अंगुलिमाल सुत्तात पुढं दोन प्रसंग आहेत. कोसलचा राजा पसेनदी घोडेस्वार घेऊन त्याला धरायला निघाला होता. भगवंतांजवळ बसलेला शांत भिक्खू म्हणजेच अंगुलिमाल, हे कळल्यावर राजा आधी घाबरला. मग त्यानं काय केलं? त्याला चीवर, भोजन, निवास आणि औषध पुरवायची तयारी दाखवली. बघा, गुन्हेगार म्हणून ज्याला धरायला आला, त्याच्या औषधाची जबाबदारी राजा स्वतःहून घ्यायला निघाला! दुसरा प्रसंग असा की, तोच अंगुलिमाल भिक्षेला गावात गेला, तेव्हा लोकांनी दगड मारून त्याचं डोकं फोडलं, पात्र फोडलं. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीसुद्धा राजाचं मन बदललं, गावाचं बदललं नाही.

आता आपल्या गावाची गोष्ट. पोराचं नाव सांगणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे, आणि कायदा नसता तरी सांगितलं नसतं. ज्यांना कळेल त्यांनीही मनातच ठेवावं.

त्याचा बाप आमच्याबरोबर गिरणीत होता. गिरणी होती तोवर ईएसआयचं कार्ड होतं. घरात कुणी आजारी पडलं की कार्ड घेऊन दवाखाना गाठायचा. हा कायदा १९४८ चा. पण त्याआधीचा प्राध्यापक अडारकरांचा अहवाल १९४४ साली आला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री बाबासाहेब होते, हे आपल्या पोरांना माहीत पाहिजे. तर गिरणी बंद पडली, काही महिन्यांनी कार्डही बंद पडलं. बाप हमालीला लागला, दारूला लागला. पोरगं नववीतनं शाळा सोडून गॅरेजवर गेलं. तिथं पंक्चरचं सोल्युशन हुंगायची सवय लागली. वयानं मोठ्या पोरांनी त्याला पुढं केलं आणि एका चोरी-मारामारीत ते सापडलं. वय वर्षं सोळा.

त्याची आई रात्री आमच्या दारात आली. म्हणाली, "अण्णा, तेवढं चौकीत येता का?" आम्ही म्हणालो, "आक्का, रात्र झालीया, सकाळी बघू." सकाळी गेलो तोवर पोरगं पुढं पाठवलं होतं. ते बालगृहासारख्या एका संस्थेत काही आठवडे राहिलं. आम्ही भेटायला गेलो तर खाली मान घालून एवढंच म्हणालं, "मामा, झोप येत नाही. कानात कुणीतरी बोलतंय." आम्ही काय करावं? पंचशीलावर व्याख्यान दिलं! पाचवं शील मोडलंस म्हणून हे झालं, आनापान कर, मन थाऱ्यावर येईल, असं सांगून आलो. पोराला आजार झालाय हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

पोरगं सुटून आलं. जयंतीच्या मिरवणुकीतल्या लेझीम पथकात दरवर्षी असायचं. त्या वर्षी "लोक काय म्हणतील" म्हणून यादीतून त्याचं नाव काढलं. ती यादी आमच्या सहीची होती. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. शेजाऱ्यांनी वेळेवर उचललं म्हणून वाचलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "याआधी कधी मानसोपचार झाले होते का?" आई म्हणाली, नाही. पुढं चौकशी केली तेव्हा कळलं की संस्थेत असताना त्याला डॉक्टरांनी तपासलं होतं, गोळ्याही चालू केल्या होत्या. तो कागद फायलीत राहिला. सुटताना पोराच्या हातात कपड्याची पिशवी दिली, गोळ्यांची चिठ्ठी दिली नाही. आईला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. बंधूंनो, एका कागदापायी पोरगं जात होतं.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉक्टर वानलेस यांनी इथं १८९४ साली रुग्णालय काढलं. १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कर्नाटकातनं रेल्वेनं पेशंट इथं येतात. आणि आपल्या गल्लीतल्या पोराच्या मनाची विचारपूस करायला कुणी नव्हतं. तेव्हापासून आम्ही जमेल तेवढं वाचलं, वकिलांना, डॉक्टरांना विचारलं. जे कळलं ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, कायदा. पूर्वी पोरं सर्रास मोठ्यांच्या तुरुंगात असायची. पत्रकार शीला बारसे यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १९८६ साली देशभरासाठी बाल न्याय कायदा झाला. २००० साली नवा झाला, मुलगा असो की मुलगी, अठरा वर्षांपर्यंत मूलच धरायचं ठरलं. आत्ताचा कायदा २०१५ चा, तो जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याप्रमाणे मुलाला कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं. परिवीक्षा अधिकाऱ्यानं पंधरा दिवसांत घरची परिस्थिती पाहून सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. संस्थेत जेवण, कपडे, शिक्षण याबरोबर औषधोपचार, समुपदेशन आणि व्यसनमुक्ती देणं हे कायद्यातच लिहिलंय, ते कुणाचे उपकार नव्हेत. २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक मुलाची दरमहा तपासणी होऊन नोंद राहिली पाहिजे, आणि तज्ज्ञानं तपासून निदान केल्याशिवाय मनाच्या आजाराची औषधं द्यायची नाहीत.

यातच एक धोक्याची जागा आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याला मोठ्या माणसासारखं चालवायचं का, हे ठरवण्याआधी मंडळ त्याच्या मनाची आणि समजेची प्राथमिक पारख करतं. मंडळावर बालमानसशास्त्र वा मानसोपचार शिकलेला सदस्य नसेल, तर तज्ज्ञाची मदत घेणं सक्तीचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली सांगितलं. अशा वेळी आपला वकील गप्प बसला तर पोराचा जन्म वाया जातो.

दुसरी गोष्ट, पैशाची. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो २०१८ पासून लागू झाला. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा आता हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, मग त्याच्याकडं पिवळं कार्ड असो वा नसो, ते फुकट मिळाले पाहिजेत, असं त्यात स्पष्ट आहे. विमा कंपन्यांनीही मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायचा आहे. शिवाय आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती दुसऱ्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली आहे. ज्या जोतिबा-सावित्रीबाईंनी १८६३ साली, समाजानं टाकलेल्या बायकांच्या लेकरांसाठी आपल्या घराचं दार उघडलं, त्यांच्या नावाची ही योजना. पण एक मेख ध्यानात घ्या. या योजना दवाखान्यात दाखल झालेल्या माणसासाठी आहेत. हात-पाय मोडला, खाटेवर पडला, तर कार्ड चालतं. मनाच्या आजारात मात्र बहुतेक वेळा खाट लागत नाही. लागतं ते दर पंधरा दिवसांनी डॉक्टरांपुढं बसणं, बोलणं, गोळ्या चालू ठेवणं, वर्ष-दोन वर्षं. त्या दिवशी आईचा रोज बुडतो, एसटीचं भाडं पडतं, ते कुठल्या कार्डावर घालायचं? दोन फेऱ्यांनंतर उपचार सुटतो तो इथं.

आणि सगळ्यात मोठी गळती सुटकेच्या दिवशी होते. आत असतो तेव्हा एक खातं, बाहेर आला की दुसरं खातं, मधे कुणी नाही. हे आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेत गरिबांसाठी १९६५ पासून मेडिकेड नावाची योजना आहे. पण माणूस कोठडीत गेला की तिचा पैसा थांबायचा, पोरांचंही तेच. शेवटी तिथं कायदा करावा लागला, आणि जानेवारी २०२५ पासून शिक्षा झालेल्या पोरांची सुटकेआधीच्या महिन्यात तपासणी करायची, आणि सुटल्यावरही किमान महिनाभर पाठपुरावा ठेवायचा, असं ठरलं. एवढ्या श्रीमंत देशाला जे २०२५ साली सुचलं, ते आपण आपल्या गल्लीत करायला काय हरकत आहे? त्याला डॉलर लागत नाहीत, दोन माणसं लागतात.

आता कुणी म्हणेल, गुन्हा करणाऱ्या पोराचे एवढे लाड कशाला? १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका महागड्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले. चालवणारा सतरा वर्षांचा असल्याचा आरोप झाला. त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला, अटीत तीनशे शब्दांचा निबंध. सारा महाराष्ट्र खवळला. आम्हीही चौकात उभं राहून ओरडलो. गेलेल्या त्या पोरांच्या आईबापांचं दुःख फार मोठं आहे, ते कुणी हलकं समजू नये. पुढं जून महिन्यात उच्च न्यायालयानं त्याला निरीक्षणगृहातून सोडून नातेवाइकाच्या ताब्यात दिलं, आणि मानसशास्त्रज्ञाकडचं समुपदेशन चालू ठेवायला सांगितलं. ते वाचताना आमच्या मनात आलं, की श्रीमंताच्या पोराला वकील मिळाला, समुपदेशन मिळालं, म्हणून आपण चिडायचं का? ते त्याला मिळालं यात चूक नाही, कायद्यातच आहे ते. आपल्या पोराला मिळालं नाही, ही चूक आहे. त्याचं काढून घ्या म्हणू नका. आमचं द्या म्हणा.

तर करायचं काय? आम्ही समितीपुढं साध्या गोष्टी ठेवतो.

एक, वस्तीतलं पोरगं पोलिसांनी नेलं तर समितीची दोन माणसं, त्यात एक महिला, त्याच रात्री आईबरोबर चौकीत जातील. "सकाळी बघू" हा शब्द बंद. शाळेचा दाखला वयासाठी बरोबर न्यायचा. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, त्यांचा नंबर १५१००.

दोन, पोराला नशा असेल, झोप नसेल, भास होत असतील, आधीचा काही उपचार असेल, तर ते लाजेनं लपवायचं नाही. परिवीक्षा अधिकाऱ्याला आणि मंडळाला लेखी सांगायचं, तपासणीचा अर्ज द्यायचा, पोच घ्यायची.

तीन, सुटकेच्या दिवशी गोळ्या, चिठ्ठी आणि तपासणीचे कागद मागून घेतल्याशिवाय तिथनं निघायचं नाही. आठवड्याच्या आत सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात त्याला न्यायचं. भाड्याचे पैसे विहाराच्या दानपेटीतून. दानाला यापेक्षा चांगली जागा आम्हाला दिसत नाही.

चार, रात्री-अपरात्री कुणाचं मन फारच बिघडलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत. तो विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा.

पाच, जी मोठी माणसं पोरांना नशा देतात, माल पोचवायला लावतात, "तू लहान हाईस, सुटशील" म्हणून पुढं करतात, त्यांना याच कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ती माणसं आपल्या ओळखीची असतात, वर्गणीही देतात. त्यांची वर्गणी नको म्हणायची हिंमत समितीनं दाखवावी.

आणि सहावी गोष्ट समितीला नाही, आपल्या सगळ्यांना. कायद्यात मुलाला नव्यानं सुरुवात करू द्यायचं तत्त्व आहे. जुना ठपका त्याच्या आड येऊ नये असं आहे. सरकारनं कागदावर ठपका पुसला आणि आपण मनात ठेवला, तर काय उपयोग? रिंग खात्यात आम्ही तीस वर्षं काढली. तार तुटली की जोडून घ्यायची, हे तिथलं रोजचं काम. तुटली म्हणून अख्खी बॉबिन कुणी कचऱ्यात टाकत नाही.

ते पोरगं आज कामाला जातं. गोळ्या चालू आहेत. सगळं ठीक झालं असं म्हणणार नाही, वाईट दिवस येतात. मागच्या जयंतीला आम्ही त्याच्या घरी गेलो आणि म्हणालो, "बाळा, आमचं चुकलं. लेझीम घ्यायला येतोस का?" ते म्हणालं, "नको मामा, अजून लोक बघतात." मिरवणूक गेली तेव्हा ते दारात उभं होतं. बंधूंनो, त्याला दारातनं रस्त्यावर आणायचं काम कुठल्या न्यायालयाचं नाही, कुठल्या योजनेचं नाही. ते तुमचं-आमचं आहे. पुढच्या वर्धापनदिनाला ते या मंडपात बसलेलं दिसलं, तर आमचं आजचं बोलणं कामी आलं असं समजू.

 

जयभीम! नमो बुद्धाय!