अठरा वर्षे पुरी झाली, आता पुढे काय?

श्रोते हो, आपल्या घरातलं लेकरू अठरा वर्षांचं झालं म्हणून कुणी त्याच्या हाती कपड्यांची पिशवी देऊन त्याला दाराबाहेर काढतं का? उलट खरी काळजी तेव्हाच सुरू होते. पोरगा लातूरला शिकायला असला तर आई एस.टी.तून डबा धाडते, बाप खोलीचं भाडं भरतो. पण ज्याला आईबाप नाहीत, जो बालगृहात वाढला, त्याचे काय? त्याला अठरा पुरी झाली की राहते छप्पर सोडावे लागते. आज या मुलामुलींविषयी मी आपल्याशी चार शब्द बोलणार आहे.

पोरक्या लेकराला जवळ घेणे मराठवाड्याला नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर नळदुर्गला ‘आपलं घर’ उभे राहिले. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोलीस नेली. लहान मूल पाहिले की आपल्याला पाझर फुटतो. मिसरूड फुटलेला मुलगा दिसला की मात्र आपण म्हणतो, ‘आता धडधाकट आहे, कमवील आणि खाईल!’ इथेच आपले चुकते, मंडळी. ना ओळख, ना जामीन, ना सणाला जायला घर. असा मुलगा शिक्षण सोडून पाडव्याला कुणाकडे सालगडी राहतो, नाहीतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातो. मुलीचे तर घाईने लग्न उरकले जाते.

गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे हिची हकीगत पुष्कळांनी वाचली असेल. अठरा पुरी होताच ती पुण्यात आली आणि पहिली रात्र तिने रेल्वे स्टेशनवर काढली. पुढे ती शिकली, राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसली. पण अनाथांसाठी वेगळी जागा नव्हती, आणि तिची निवड हुकली. तिने हा प्रश्न थेट मुख्यमंत्र्यांपुढे मांडला. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने अनाथांसाठी शिक्षणात आणि शासकीय नोकरीत १ टक्का आरक्षण ठेवले.

कायदाही या मुलांना अगदीच वाऱ्यावर सोडत नाही, बरं का. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांच्या अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या सांभाळाची, तरतूद आहे. बाल कल्याण समितीच्या आदेशाने हा आधार २१ वर्षांपर्यंत मिळू शकतो. विशेष अडचण असेल तर आणखी दोन वर्षे. सहा-आठ जणांनी मिळून राहायची सोय, धंदेशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, सल्ला देणारा जाणता माणूस, स्वतःचा धंदा काढायला कर्जाची व्यवस्था, हे सारे नियमांत लिहिलेले आहे. २०२२ च्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत यासाठी दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे.

पण तरतूद आपल्या पायांनी दारी चालत येत नाही. त्यासाठी अर्ज लागतो, कागद लागतात, आणि ते वेळेवर लागतात. म्हणून गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. आपल्या वर्गात बालगृहातले मूल असेल तर ते नववी-दहावीत असतानाच चौकशी करा. त्याचा जन्माचा दाखला, आधार, बँकेचे खाते, शाळा सोडल्याचा दाखला जुळवायला मदत करा. अनाथ प्रमाणपत्रासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, नांदेडला असो की लातूरला, त्याच्या सोबत जा. आईबाप दोघेही गेलेले आणि चुलत्या-मामाकडे वाढलेले मूलही २०२३ च्या निर्णयानुसार या प्रमाणपत्रास पात्र ठरू शकते. हे आपल्या गावात पुष्कळांना ठाऊक नसते.

आता आपल्या जवळचेच एक उदाहरण सांगतो. औसा तालुक्यात हासेगावला रवी बापटले यांनी एच.आय.व्ही.बाधित मुलांसाठी ‘सेवालय’ उभारले. मुले वाढली, अठरा ओलांडू लागली. ‘आता तुमचा रस्ता धरा’ असे त्यांना कुणी म्हटले नाही. त्यांच्यासाठी ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ ही वेगळी वस्ती उभी राहिली. तिथे त्यांना काम मिळाले, त्यांची लग्ने लागली, संसार उभे राहिले.

श्रोते हो, प्रत्येक गावाला अशी वस्ती उभारता येणार नाही. पण दिवाळीला एका मुलाला घरी बोलावता येईल. त्याच्या नोकरीच्या अर्जावर ‘ओळखीची व्यक्ती’ म्हणून आपले नाव देता येईल. खोलीमालकाला ‘हा आमचा मुलगा आहे’ असे सांगता येईल. सरकार पैसे देऊ शकेल, पण ‘पोहोचलास का रे?’ असे विचारणारे माणूस आपल्यालाच व्हावे लागेल.