फ्लायव्हीलखालची वीज



आपल्या किनाऱ्यावरच्या लहान होड्यांना मागे आठ-दहा हॉर्सपॉवरचं मशीन लटकवलेलं असतं. त्याला बॅटरी नसते. दोरीला दोन-तीन झटके दिले की ते सुरू होतं. सिलिंडरात इंधन पेटायला ठिणगी लागते, ठिणगीला वीज लागते. ती येते कुठून? मशीनचं झाकण काढलं की वर जड चाक दिसतं, ते फ्लायव्हील. त्याच्या कडेला चुंबक बसवलेले असतात. खाली न फिरणाऱ्या पाटावर तांब्याच्या तारेची कॉइल असते. चुंबक कॉइलजवळून सरकला की तारेत विद्युतदाब तयार होतो. मायकेल फॅरडेने 1831 साली लंडनमध्ये हेच दाखवून दिलं होतं. आपण दोरी ओढतो तेव्हा त्याचाच प्रयोग हाताने करत असतो.

म्हणजे होडीवर वीजघर आहेच, पण ते फक्त ठिणगीपुरतं राबतं. त्याच चाकाखाली आणखी एक कॉइल बसवून थोडी वीज बॅटरीत साठवायची, एवढाच आजचा विषय आहे. माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. जळालेली कॉइल काढायची आणि नवी भरायची, यातच आयुष्य गेलं. त्यामुळे बोलणार आहे तेही तारेच्या आणि चुंबकाच्या बाजूनेच.

आधी वीज कशाला हवी ते सांगतो. सर्वांत पहिली गरज दिव्याची. समुद्रात टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 सालचे आहेत आणि ते होडी लहान म्हणून कुणाला सोडत नाहीत. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत दिवे हवेत. 12 मीटरपेक्षा लहान यांत्रिक होडीला चहूकडून दिसणारा पांढरा दिवा, आणि बाजूंना उजवीकडे हिरवा, डावीकडे लाल. पांढरा दिवा 2 सागरी मैलांवरून दिसला पाहिजे, बाजूचे 1 मैलावरून. होडी 7 मीटरच्या आत असेल आणि 7 नॉटच्या वर पळतच नसेल, तर एक पांढरा दिवा चालतो, शक्य असेल तर बाजूचेही लावावेत असं नियम म्हणतो. जाळं पाण्यात असताना वर लाल आणि खाली पांढरा, ट्रॉलरचा वर हिरवा.

आता हे 2 मैल म्हणजे किती, ते वेळात मोजा. 15 नॉटने येणारं मालवाहू जहाज 2 सागरी मैल 8 मिनिटांत कापतं. त्याला वळायला, वेग कमी करायला जो वेळ लागतो तो याच 8 मिनिटांतून काढायचा असतो. जहाज दिसलं की टॉर्च हलवायची, ही आपली पद्धत त्या हिशेबात बसत नाही. टॉर्च हलवेपर्यंत निम्मी मिनिटं संपलेली असतात, आणि टॉर्च धरणारा माणूस त्या वेळी जाळ्यावर हवा असतो.

दिव्यानंतर फिशफाइंडर, व्हीएचएफ रेडिओ, मोबाइल. आणि आता ट्रान्सपॉन्डर. 30 ऑगस्ट 2024 रोजी आपल्याच पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते एका योजनेची सुरुवात झाली. देशाच्या किनाऱ्यावरच्या 1 लाख मासेमारी नौकांवर इस्रोच्या तंत्रज्ञानाचे ट्रान्सपॉन्डर टप्प्याटप्प्याने बसवायचे, असं ठरलं. त्यात मोटर बसवलेल्या लहान नौकाही धरल्या आहेत. त्यावरून मदत मागता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण असं कुठलंही यंत्र शेवटी विजेवर चालतं, आणि घरून चार्ज करून आणलेली बॅटरी तिसऱ्या रात्री उतरली की तेही मुकं होतं.

आता कामाकडे वळू. पहिला प्रश्न: तुमच्या मशीनमध्ये दुसऱ्या कॉइलला जागा आहे का? अनेक मॉडेलांत कारखान्यानेच सोय ठेवलेली असते. पाटावर रिकामी, आटे पाडलेली भोकं दिसतात, आणि सुट्या भागांच्या यादीत ‘लाइटिंग कॉइल’ नावाचा भाग असतो. तो मिळत असेल तर सरळ तोच घ्या. काही लहान मशीनच्या फ्लायव्हीलमध्ये ठिणगीपुरताच चुंबक असतो. तिथे खाली कितीही तार गुंडाळली तरी हाती फारसं काही येत नाही. अशा मशीनवर खर्च करू नका. फ्लायव्हीलवर पुली बसवून पट्ट्याने मोटारीचा अल्टरनेटर फिरवण्याची युक्ती काहीजण करतात. मला ती अजिबात मान्य नाही. पट्टा चाकाला एका बाजूला ओढत राहतो, आणि तो ताण घेण्यासाठी वरचं बेअरिंग बनवलेलं नसतं. शिवाय हलत्या होडीत, जाळ्याच्या दोऱ्यांशेजारी, उघडा पट्टा!

कॉइल बसली, दोन तारा बाहेर आल्या. या तारांतून येणारी वीज एसी असते. चुंबकाचे उत्तर आणि दक्षिण ध्रुव आळीपाळीने जातात, तसा प्रवाह दिशा बदलतो. फ्लायव्हीलवर ध्रुवांच्या 6 जोड्या असतील आणि मशीन मिनिटाला 5000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 500 आवर्तनं होतात. आपल्या घरच्या विजेच्या ती दहापट. बॅटरीला मात्र एकाच दिशेचा प्रवाह लागतो, म्हणून मध्ये डायोडांचा रेक्टिफायर. एक डायोड लावला तर निम्मी लाट वाया जाते, चार डायोडांचा ब्रिज पूर्ण लाट वापरतो. इथपर्यंत बहुतेकजण येतात, बाजारातून स्वस्त ब्रिज आणतात, जोडतात आणि थांबतात. घोळ इथेच होतो.

ज्यांनी जुन्या स्कूटर चालवल्या आहेत त्यांना आठवत असेल, थांबल्यावर हेडलाइट मंद व्हायचा आणि ॲक्सिलरेटर पिळला की उजळायचा. चुंबक जितका जोरात फिरेल तितका दाब वाढतो. होडीच्या मशीनचंही तसंच. संथ चालीत ही कॉइल बॅटरीपुरता दाबही जेमतेम देते, आणि पूर्ण वेगात, भार नसताना, तोच दाब 12 व्होल्टच्या कित्येक पट चढतो. मोटारीच्या अल्टरनेटरमध्ये चुंबकत्वच विजेने तयार होतं, त्यामुळे ते कमी-जास्त करता येतं. इथला चुंबक कायमचा आहे, त्याला आवरता येत नाही. म्हणून रेग्युलेटर लागतो.

लहान मशीनवरचा नेहमीचा रेग्युलेटर काय करतो, ते ऐकण्यासारखं आहे. बॅटरीचा दाब साधारण 14.4 व्होल्टला पोचला की तो कॉइलची दोन टोकं एकमेकांना जोडून टाकतो. चक्क शॉर्ट! हे ऐकून नवखा वायरमन दचकतो, कारण आपल्या डोक्यात शॉर्ट म्हणजे जळणं. मग कॉइल का जळत नाही? वेग वाढला की दाब वाढतो हे खरं, पण आवर्तनंही त्याच प्रमाणात वाढतात, आणि कॉइलचा एसीला होणारा अडथळा आवर्तनांबरोबर वाढत जातो. दाब दुप्पट, अडथळाही जवळपास दुप्पट. त्यामुळे प्रवाह एका मर्यादेपाशी येऊन स्थिर होतो, मग मशीन कितीही पळवा. 5 अँपिअरची कॉइल शॉर्ट केली तरी प्रवाह त्याच्या आसपासच राहतो, आणि कॉइल तेवढ्यासाठीच बनवलेली असते. बाहेरून कुणी ताबा न ठेवता यंत्राने स्वतःची मर्यादा स्वतःच राखावी, हे मला रिवाइंडिंगच्या इतक्या वर्षांनंतरही विलक्षण वाटतं.

रेग्युलेटर न लावता नुसता रेक्टिफायर जोडला तर बॅटरी भरल्यावरही प्रवाह येतच राहतो. आम्लातलं पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. अशा बॅटऱ्या मी उघडून पाहिल्या आहेत: पाणी आटलेलं, प्लेटा वाकलेल्या, तळाशी गाळ. पण नुकसान बॅटरीपुरतंच राहत नाही. हवेत 4 टक्के हायड्रोजन मिसळला की ती हवा ठिणगीने पेटू शकते. नाळेखालच्या बंद कप्प्यात बॅटरी, शेजारी इंधनाची टाकी, आणि वर बिडी ओढणारा खलाशी. म्हणून माझं म्हणणं ठाम आहे: रेग्युलेटरला पैसे नसतील तर कॉइलही बसवू नका.

मोटरसायकलचा रेग्युलेटर चालतो का, असं मला नेहमी विचारतात. चालतो, पण जोडण्यांची रचना जुळली तर. काही मशीनमध्ये कॉइलचं एक टोक बॉडीला अर्थ केलेलं असतं, काहींत दोन्ही टोकं मोकळी असतात. दोन्ही मोकळी धरून बनवलेला रेग्युलेटर अर्थ केलेल्या कॉइलला लावला तर एकाचा तरी बळी जातो. मीटरने आधी तपासा. आणि मशीन चालू असताना बॅटरीची तार कधीही सोडू नका. बॅटरी सुटली की दाब क्षणात उसळतो आणि रेग्युलेटरचे, दिव्यांचे, फिशफाइंडरचे भाग जाऊ शकतात. लिथियम बॅटरी घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. तिच्यातलं संरक्षक सर्किट भरल्यावर स्वतःच तार तोडू शकतं, म्हणजे परिणाम तोच.

आता हिशेब मांडू. एलईडीचे तिन्ही दिवे मिळून 5 वॅट धरा. 10 तासांचे 50 वॅट-तास. फिशफाइंडर 8 वॅटचा, 5 तास, म्हणजे 40. रेडिओ नुसता ऐकत ठेवला तर रात्रीचे 50. मोबाइल 20. एकूण 160 वॅट-तास, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतून साधारण 13 अँपिअर-तास. जमा बाजू बघा. कॉइलवर 60 वॅट लिहिलेले असतात ते पूर्ण वेगाचे. मध्यम चालीत 3 अँपिअर धरा. जायला 1 तास, यायला 1 तास, झाले 6. चार्ज होताना थोडं वाया जातं, हाती 5 उरले. 13 खर्च आणि 5 जमा! जुने 10 वॅटचे बल्ब असते तर नुसत्या दिव्यांचाच खर्च 25 झाला असता.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी बल्ब काढून एलईडी लावा. मग कॉइल. आणि तुमची मासेमारी संथ चालीची असेल, किंवा मशीन बंद ठेवून जाळ्यावर थांबण्याची असेल, तर कॉइलच्या जोडीला 50 वॅटचं सोलर पॅनल घ्या. आपल्याकडच्या उन्हात ते दिवसाला 150 वॅट-तास सहज देतं. अशा होडीला दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर मी पॅनल सुचवेन. लांब पल्ला मारणाऱ्याने कॉइल घ्यावी. माझं पोट कॉइलवर आहे, तरी हे सांगतो.

मशीन जड होईल, पेट्रोल जास्त पिईल, ही भीती मात्र सोडा. 60 वॅट वीज द्यायला इंजिनकडून सव्वाशे वॅट जातील असं धरलं, तरी 9.9 हॉर्सपॉवर म्हणजे जवळपास 7400 वॅट. त्यात हा भार कळतही नाही.

तारांबद्दल दोनच गोष्टी. मशीन मागे आणि बॅटरी पुढे असली तर जाऊन-येऊन 10 मीटर तार होते. ती 1 चौरस मिलिमीटरची घेतली तर 6 अँपिअरला 1 व्होल्ट वाटेतच संपतो, आणि बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. 2.5 ची घ्या, कथील चढवलेली मिळाली तर उत्तम, कारण उघड्या तांब्याला खारी हवा हिरवं करून टाकते. आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच बसवा. फ्यूजच्या अलीकडची तार घासून उघडी पडली तर तिला वाचवणारं कुणी नसतं.

काम झाल्यावर मीटर लावा. मशीन बंद असताना भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दिसेल. मशीन चालू करून वेग वाढवा. आकडा 13 च्या वर चढला पाहिजे आणि साडेचौदाच्या आत थांबला पाहिजे. 15 च्या वर गेला तर लगेच मशीन बंद करा.

1 जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागेल. होड्या वर ओढल्या जातील, झापांनी शाकारल्या जातील, आणि मशीन घरात येतील. हे काम करायचे दिवस तेच आहेत. बॅटरीही घरी आणा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. तशीच पडून राहिली तर तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि नारळी पौर्णिमेला ती उपयोगाची राहत नाही. शेवटची विनंती फ्लायव्हीलची. ते शंकूच्या आकाराच्या दांड्यावर घट्ट बसलेलं असतं आणि हातोडा मारला की चुंबक तडकतात. त्याला पुलरच लागतो. गावात ज्यांच्याकडे पुलर नसेल त्यांनी माझ्या दुकानातून घेऊन जावा आणि काम झाल्यावर परत आणून द्यावा.